गाडी विकताना पैसे कसे घेतलेत? आपापले अनुभव सांगा

अबोली
काल माळा आवरताना बाबांची जुनी फाईल सापडली, आमच्या वॅगन आरची. त्यात डिलिव्हरी नोटची, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याच्या कागदाची झेरॉक्स, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात, तारखेशेजारी वेळ सुद्धा, ‘दु. ४.१०’. हातातलं काम तिथेच राहिलं.

२०१७ ची गोष्ट, आम्ही तेव्हा कर्वेनगरला. गाडी एक लाख चाळीसला ठरली. रविवारी संध्याकाळी एक जण बायकोला घेऊन आला, चहा झाला, पोहे झाले, मग त्याने मोबाईल पुढे केला, काका एनईएफटी केलंय बघा, सक्सेसफुल. तेवढ्यात बाबांच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज पण वाजला. मी किल्ली आणायला उठले पण होते. बाबा बँकेतून रिटायर झालेले. चष्मा लावून मेसेज वाचला आणि म्हणाले, आज रविवार, एनईएफटी जातच नाही आज. आणि हा मेसेज बँकेचा नाही, साध्या दहा आकडी नंबरवरून आलाय. उद्या पासबुक भरून आणतो, एंट्री दिसली की गाडी तुमची. तो चिडला, आमच्यावर विश्वास नाही का, बायको आजारी आहे, काय काय बोलला. बाबांनी माझ्या हातातून किल्ली घेतली आणि तो जाईपर्यंत मूठ उघडली नाही. सोमवारी एंट्री नाही, फोन बंद.

आता धाकट्या दिरांची स्विफ्ट विकायचीय, साडेतीन लाखाला ठरतेय. बाबा नाहीत विचारायला. तुम्ही कसे घेतलेत पैसे ते सांगा प्लीज.

धायरीकर
काकांना नमस्कार __/\__ पण ताई एक लक्षात घ्या तो रविवारचा नियम आता नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशी पण चालतं. म्हणजे उलट आता कोणी म्हणालं की आज बँक बंद आहे सोमवारी दिसेल, तर तिथेच थांबायचं. साडेतीन लाख आहेत तर सरळ आरटीजीएस, ते दोन लाखाच्या वरच चालतं. आणि त्याला आदल्या दिवशीच तुमचं खातं ॲड करून ठेवायला सांगा, नवीन खात्यावर पहिल्या दिवशी बऱ्याच बँका मोठी रक्कम सोडत नाहीत, मग माणूस खरा असून पण दोघं ताटकळत बसता

मनीमाऊ
मेसेज बघायचाच नाही. स्वतःच्या ॲपमध्ये लॉगिन करून बॅलन्स बघायचा. बास.

चिंचवडचा_बाप्या
आमच्याकडे उलटं झालं, पैसे खरे आले पण भलत्याच खात्यातून. २०२३, सँट्रो. घेणारा म्हणाला माझं लिमिट संपलंय, मित्र पाठवतोय. मी पण म्हटलं पैशाशी मतलब. वीस दिवसांनी माझं खातं फ्रीज, सॅलरीचं खातं, घराचा हप्ता त्यातूनच. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून आलेलं, कोणाची तरी फसवणूक करून मिळवलेले पैसे त्या मित्राच्या खात्यातून माझ्याकडे फिरवले होते. दोन महिने हेलपाटे, ईमेल वर ईमेल. शेवटी डिलिव्हरी नोट, त्याच्या आधारची कॉपी आणि सगळं व्हॉट्सॲप चॅट दिलं तेव्हा सुटलं. बायकोचे दागिने ठेवून दोन हप्ते भरले, ते अजून लागतं मनाला. ज्याच्या नावावर गाडी जाणार त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे, यात कोणालाच सूट नाही.

अबोली
बापरे. हे डोक्यातच नव्हतं आलं माझ्या. दिरांना आत्ता फोन करते.

गुळपोळी
@बाप्या दागिने सुटले ना पण?

चिंचवडचा_बाप्या
हो हो सुटले, दिवाळीच्या आधी

संगमपूल
कॅशबद्दल कोणी बोललं नाही. २०१७ पासून दोन लाख किंवा जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही, आज एक लाख उद्या एक लाख असं तोडून पण नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, जेवढे घेतले तेवढाच. माझ्याकडे एक जण पिशवीत दोन साठ घेऊन आलेला, मी बँकेत चला म्हटलं, तो आला नाही.
डीडी (डिमांड ड्राफ्ट) असेल तर त्याच्या बँकेच्या ब्रांचमध्ये सोबत जाऊन समोर काढून घ्या. मी लक्ष्मी रोडला तसंच केलं. हातात आणून दिलेला डीडी रंगीत झेरॉक्स पण असू शकतो.

जास्वंद
मी ओएलएक्सवर आल्टो टाकली, दहा मिनिटात फोन, मी आर्मीत आहे, गाडी न बघताच घेतो, टोकन पाठवतो क्यूआर स्कॅन करा. स्कॅन केला तर पिन मागतोय. भाजी चिरत होते, हात ओला, म्हणून टाईप नाही झालं आणि मुलगा ओरडला आई पैसे घ्यायला पिन लागत नाही!! पिन टाकला की पैसे जातात. कोणाचे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन करा, जितका लवकर तितकं बरं

गुळपोळी
पोरं हुशार आहेत हल्लीची. आमचा पण मलाच शिकवतो 😄

शनिवारवाडा_शेजारी
घेणाऱ्याच्या बाजूने पण बोलतो, मी मागच्या वर्षी जुनी घेतली. आम्हाला पण भीती असतेच की पैसे दिले आणि सहीच नाही केली तर. आम्ही दोघं संगम ब्रिजच्या आरटीओपाशी भेटलो, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्यासमोर सह्या, मी तिथेच बसून पैसे पाठवले, त्यांनी ॲप उघडून बघितले, मग किल्ली. पाऊस होता, रसवंतीच्या छपराखाली उभं राहून सगळं. गाडीवर लोन असेल तर पैसे मालकाला नाही, थेट लोनच्या खात्यात भरा आणि लोन फिटल्याची एनओसी, आरसीवरून लोन काढायचा फॉर्म ३५ घ्या.

धायरीकर
+१. आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका कुणाला. नाव ट्रान्सफर झालंय का ते परिवहनच्या साईटवर स्वतः बघा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय, अपघाताच्या भरपाईत आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक. पैसे आले म्हणजे सुटलो असं नाही.

मनीमाऊ
फास्टॅग!! काढायला विसरले. महिनाभर खेड शिवापूरचे पैसे माझ्या खात्यातून कापले गेले, रात्री अकराला मेसेज यायचा, कळायचं की आज सातारला गेले आपले बापू. गाडीचं नाव बापू होतं. विकताना मुलगी बॉनेटला मिठी मारून रडली होती, त्यामुळे मेसेज आला की तिला बरं वाटायचं, म्हणून टॅग बंद करायला मन होईना. शेवटी केला.

जास्वंद
अगं किती गोड. आमच्या मारुती ८०० ला सासूबाईंनी जाताना दही साखर ठेवलेली डॅशबोर्डवर.

गुळपोळी
कोणाला वारज्यात चांगला मेकॅनिक माहितीय का, आमच्या इंडिकाचा क्लच गेलाय, विकायची नाहीये

चिंचवडचा_बाप्या
व्यनि केला.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांनी त्या माणसाला फोन केला, पैसे सासऱ्यांच्या खात्यातून येणार होते म्हणे. त्याच्याच खात्यातून हवेत म्हटल्यावर आढेवेढे न घेता हो म्हणाला, तसं लिहून पण पाठवलंय. आज खातं ॲड करतोय, उद्या अकराला आरटीजीएस. डिलिव्हरी नोट मी बाबांच्या झेरॉक्सवरूनच उतरवून काढली, वेळेची जागा मोकळी ठेवलीय. दोन्ही किल्ल्या तोवर माझ्याकडे.