क्लीव्हलंड ब्राउन्सचा इतिहास नक्की कुणाचा?

एरीकाठ
परवा रविवारी आमच्याकडे जेवायला माणसं होती. जेवणं उरकून सगळे टीव्हीसमोर बसलो आणि बाल्टिमोरहून आलेला माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, तुझी टीम १९९९ सालची. त्याच्या आधीचं सगळं आमचं." क्लीव्हलंडमध्ये मी पंचवीस वर्षं राहतोय, आणि माझी टीम म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ, ब्राउन्स. ते वाक्य जिव्हारी लागलं. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

प्रकरण असं. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी ब्राउन्सचे मालक आर्ट मोडेल यांनी बाल्टिमोरला जाऊन जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून संघ तिकडे खेळणार. तिथे नवंकोरं स्टेडियम मिळणार होतं. दुसऱ्याच दिवशी इकडच्या कायाहोगा काउंटीच्या मतदारांनी जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर चालू ठेवायला कौल दिला. मोडेल तरी थांबले नाहीत. मैदानाचा करार १९९८पर्यंतचा होता, त्यामुळे शहर कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९६मध्ये तडजोड झाली: खेळाडू आणि कर्मचारी मोडेलनी न्यावेत, पण नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि सगळे विक्रम क्लीव्हलंडमध्येच राहतील, आणि एनएफएल, म्हणजे या खेळाची मुख्य लीग, १९९९पर्यंत शहराला पुन्हा संघ देईल. मोडेलचा संघ 'बाल्टिमोर रेव्हन्स' झाला आणि कागदोपत्री तो नवा संघ ठरला.

माझं म्हणणं, हा निवाडा न्यायाचा होता. १९४६ साली पॉल ब्राउन यांनी हा संघ उभा केला, तेव्हा मॅरियन मॉटली आणि बिल विलिस हे दोन काळे खेळाडू त्यांनी घेतले. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन आला तो त्यानंतरच्या वर्षी. मायामीच्या सामन्याला या दोघांना नेताच आलं नाही, कारण तिथे काळ्या-गोऱ्यांनी एका मैदानात खेळणं चालत नव्हतं. अशा काळात त्या दोघांसाठी ओरडायला ऐंशी हजारांच्या त्या मैदानात जे लोक बसले, ते क्लीव्हलंडचे. संघ पहिली चारही वर्षं ऑल-अमेरिका कॉन्फरन्स या तेव्हाच्या वेगळ्या लीगचा विजेता. १९५०ला एनएफएलमध्ये आला, पहिल्याच सामन्यात गतविजेत्या फिलाडेल्फियाला ३५-१० हरवलं आणि त्या वर्षीचं विजेतेपदही घेतलं. ही पुण्याई मालकाच्या खिशात घालून गावाबाहेर नेता येते का?

दत्ता_बाल्टिमोर
दादा, तोच मावसभाऊ बोलतोय. रविवारी आवाज चढला त्याबद्दल माफ कर, पण मुद्दा सोडणार नाही.

संघ म्हणजे माणसं. ऑझी न्यूसम तेरा हंगाम ब्राउन्सकडून खेळले, मग तिथेच कचेरीत कामाला लागले. १९९६मध्ये ते बाल्टिमोरला आले आणि नव्या खेळाडूंच्या पहिल्याच वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) जोनाथन ऑग्डेन आणि रे लुईस यांना घेतलं. लुईसला घेतलं ती संधीही जुन्या ब्राउन्सनी आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोशी सौदा करून मिळवलेली. त्यातूनच जानेवारी २००१चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. हा धागा सलग आहे आणि तो बाल्टिमोरकडे जातो. तुमच्याकडे १९९९ला आलं ते नाव आणि शिरस्त्राणाचा रंग.

आणि तुमच्याच गावचा दाखला देतो. ब्राउन्सच्या आधी क्लीव्हलंडमध्ये रॅम्स होते. १९४५चं विजेतेपद त्यांनी तुमच्या गावात जिंकलं आणि लगेच लॉस एंजेलिसला गेले. ते विजेतेपद आजही रॅम्सच्याच नावावर आहे. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे शहराचं. नियम सगळीकडे एक आहे. फक्त १९९६ला कोर्टाच्या धाकानं तो वाकवला गेला.

मेघना_इंडियाना
दत्तादादा, बाल्टिमोरच्या माणसानं हे म्हणावं याचं मला वाईट वाटलं. २९ मार्च १९८४च्या पहाटे बाल्टिमोरच्या जुन्या संघाचं, कोल्ट्सचं सामान ट्रकमध्ये भरून आमच्या इंडियानापोलिसला आणलं गेलं. कोल्ट्सचा जुना नामवंत खेळाडू जॉनी युनायटस त्यानंतर आयुष्यभर सांगत राहिला की मी बाल्टिमोरचा, इंडियानापोलिसशी माझा संबंध नाही. आज त्याचा पुतळा तुमच्या स्टेडियमबाहेर उभा आहे आणि त्याचे विक्रम आमच्या पुस्तकात आहेत. मी कोल्ट्सच्या बाजूची आहे, तरी सांगते, त्या विक्रमांकडे बघताना आपण दुसऱ्याच्या घरातलं भांडं वापरतोय असं वाटतं. क्लीव्हलंडला मिळालं ते तुम्हालाही मिळायला हवं होतं.

दत्ता_बाल्टिमोर
मेघना, हे मला मान्य आहे आणि तेच दुखतं. कोल्ट्स गेले तेव्हा बँडचे गणवेश धुलाईला टाकलेले होते म्हणून वाचले. तो बँड संघ नसताना बारा वर्षं वाजवत राहिला, आज रेव्हन्सचा बँड म्हणून वाजवतो. पण बघ, तो टिकला कारण माणसं टिकली. बँडवाले तेच होते. लीगनं कागदावर "हा तोच बँड" असं लिहून दिलं नव्हतं.

खानदेशी
मी दोन्ही गावांचा नाही, जळगावातून रात्री जागून सामने बघतो. माझ्या मते हे दत्तक प्रकरण आहे. दत्तक मुलाला नाव, घर, देवघर सगळं मिळतं आणि ते खरंच असतं, कुणी खोटं म्हणू नये. पण आजोबांची लढाई आपण लढलो असं तो म्हणत नाही. २०२१ला ब्राउन्सनी पंच्याहत्तरावं वर्ष साजरं केलं, त्यात १९९६, ९७, ९८ ही तीन वर्षं एकही सामना नाही. माझ्या हिशोबात ते बसत नाही.

ऑर्लँडो ब्राउन या खेळाडूचं घ्या. १९९५ला क्लीव्हलंड, १९९६ला बाल्टिमोर, १९९९ला पुन्हा क्लीव्हलंड. मधल्या वर्षांत त्यानं संघ बदलला की संघानं नाव बदललं? मला अजून उलगडत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. १९९८ला ५३ कोटी डॉलर देऊन नवे ब्राउन्स घेतले ते ॲल लर्नर यांनी. ते मोडेलचे भागीदार, आणि बाल्टिमोरच्या करारावर सह्या झाल्या त्याही लर्नरच्या खासगी विमानात. म्हणजे संघ हलवायला हात लावणाराच नव्या संघाचा मालक झाला. शहराला न्याय मिळाला म्हणताना हे विसरू नये.

एरीकाठ
लर्नरचं बरोबर आहे. इथल्या जुन्या लोकांना ते अजून सलतं.

दत्तकाचंही निम्मं मान्य. २०१७ला सोळापैकी सोळा हरलो, ते सुरुवातीच्या काळातला खेळाडू ऑटो ग्रॅहमच्या संघाच्या माथी मारावं असं मलाही वाटत नाही. ग्रॅहम दहा हंगाम खेळला आणि दहाही वेळा अंतिम सामन्यात होता. पण दत्ता, तू रॅम्सचं म्हणालास. रॅम्स गेले तेव्हा शहर उठलं नाही, कारण त्याच वर्षी ब्राउन्स आले. १९९५ला लोक उठले. हक्क मागितल्यावरच मिळतो. आधीच्यांना मिळाला नाही म्हणून नंतरच्यांचा खोटा कसा?

सुलभाकाकू
मी १९८२पासून इथे आहे. १७ डिसेंबर १९९५ला शेवटच्या सामन्याला आम्ही दोघं मैदानात होतो. सिनसिनाटीला २६-१० हरवलं, पण कुणाचं लक्ष गुणफलकाकडे नव्हतं. लोक बाकं उपटत होते, तुकडे मैदानात पडत होते, म्हणून शेवटच्या सत्रात खेळ पलीकडच्या टोकाला न्यावा लागला. सामना संपल्यावर खेळाडू कठड्यापाशी येऊन लोकांच्या गळ्यात पडले. अर्नेस्ट बायनर होता. १९८८ला डेन्व्हरविरुद्ध गोलरेषेच्या तोंडाशी ज्याच्या हातून चेंडू निसटला आणि सुपर बोल गेला, तोच. त्या दिवशी त्याला कुणी दूषण दिलं नाही. पुढच्या वर्षी तोही बाल्टिमोरला गेला.

यजमानांनी बाकाची हातभर फळी कोटाखाली घालून आणली. हिरव्या रंगाचे पोपडे, एका टोकाला वाकलेला खिळा. १९९९ला पहिल्या सामन्यात पिट्सबर्गनं ४३-० हरवलं तेव्हा ती फळी मांडीवर घेऊन ते शेवटपर्यंत बसले. मी म्हटलं, झोपा आता. म्हणाले, आपला संघ खेळतोय.

दत्ता, तुझी माणसं खरी आहेत. न्यूसम इथेही आमचेच होते. पण त्या तीन वर्षांत ज्यांनी दर रविवारी काहीच न बघता वाट पाहिली, तीही माणसंच होती.

दत्ता_बाल्टिमोर
काकू, थँक्सगिव्हिंगला दादाकडे येतोय. चालणार असेल तर ती फळी बघायला येईन. १९९९बद्दल माझं मत अजून तेच आहे, पण बायनरचं तुमच्या तोंडून ऐकायचंय.