मदत हवी आहे: शाळेतून कॉलेजात जाणाऱ्या मुलांची तयारी आठ तासांत कशी बसवू?

शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या वीस मुलांसाठी आठ आठवडे, आठवड्याला एक तास असा वर्ग घ्यायचा आहे. विषय शिकवायचे नाहीत. शाळेत पुढे असलेली मुलंही कॉलेजच्या पहिल्या सत्रात गडगडतात, ते टाळायचंय. नियोजन, नोट्स, ताण, पैसे, हॉस्टेल अशी यादी झाली आहे आणि ती मावत नाही. काय ठेवू, काय काढू?

प्रतिसाद १

निम्मी यादी काढून टाका. शाळेत अभ्यासाचा वेग शाळाच ठरवते: रोजचा गृहपाठ, वहीतपासणी, सारख्या चाचण्या. कॉलेजात हे एकदम थांबतं आणि पहिली मोठी परीक्षा येईस्तोवर आपण मागे पडलोय हे मुलाला कळतच नाही. म्हणून तीन तास फक्त वेळापत्रकाला द्या.

चार विषयांचे खोटे अभ्यासक्रम तयार करून द्या, तारखांसकट. सत्राच्या १६ आठवड्यांच्या एकाच मोठ्या कागदावर सगळ्या तारखा उतरवून घ्या. विषयवार चार कागद केले तर ७व्या-८व्या आठवड्यातली गर्दी दिसत नाही, ती एकत्र मांडली की दिसते. मग उलटं मोजायचं: निबंध १०व्या आठवड्यात द्यायचा तर कच्चा मसुदा ९व्यात, वाचन ७व्या-८व्यात, विषय ६व्यातच ठरलेला.

शेवटी तासांचा हिशोब. तासाभराच्या लेक्चरमागे दोन तास स्वतःचा अभ्यास हा जुना ठोकताळा धरा. १५ तास लेक्चर, ३० तास अभ्यास, मिळून ४५. आठवड्याच्या १६८ तासांतून हे, झोपेचे ५६ आणि जेवण-अंघोळ-प्रवासाचे २५ वजा केले तरी ४२ उरतात. तास पुरतात, पण दोन लेक्चरांमधला सुटा तास गप्पांत जातो आणि सगळा भार रात्रीवर येतो. त्या सुट्या तासासमोर विषयाचं नावच लिहायला लावा. नुसतं ‘अभ्यास’ लिहिलं की तो तास गेलाच म्हणून समजा.

धागाकर्ता

हे पटलं. नोट्सचं काय? मुलं म्हणतात, दोनदा वाचलं की सगळं येतं.

प्रतिसाद २

येतं असं वाटतं, तिथेच फसगत आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. हे सांगून भागत नाही, करून दाखवा. एका तासाला दोन उतारे द्या: एक दोनदा वाचायचा, दुसरा एकदा वाचून, झाकून आठवेल तेवढं लिहायचं. चाचणी पुढच्या आठवड्याला, आधी न सांगता.

नोट्ससाठी पानाच्या डावीकडे साधारण ६ सेंमी पट्टा मोकळा सोडायचा, लेक्चर उजवीकडे. डावीकडचा पट्टा लेक्चर चालू असताना भरायचा नाही, त्याच संध्याकाळी भरायचा आणि त्यात फक्त प्रश्न लिहायचे. मग उजवी बाजू झाकून उत्तरं द्यायची. दहा मिनिटं पुरतात. मुलं तिथे मथळे लिहून मोकळी होतात, तेवढं तपासा. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा प्रश्न नव्हे, ‘अंधारात ही क्रिया का थांबते?’ हा प्रश्न.

प्रतिसाद ३

एक तास मदत मागायला ठेवा, मी तर म्हणेन तोच सगळ्यात महत्त्वाचा. शाळेत शिक्षक पडलेला चेहरा पाहून विचारतात. शंभर जणांच्या वर्गात चेहरा कुणी पाहत नाही, आणि हुशार मुलालाच विचारायची लाज जास्त.

‘सर, काही समजलं नाही’ याला प्राध्यापक काय उत्तर देणार? वर्गात प्रत्येकाकडून पाच ओळींचा मेल लिहून घ्या: नाव आणि वर्ग, कुठला धडा, कुठपर्यंत समजलं, नेमकं कुठे अडलं, भेटायला कधी येऊ. ‘तिसऱ्या उदाहरणात दुसऱ्या पायरीनंतर चिन्ह का बदललं?’ इतकं बारीक. मेल पालकांनी लिहून द्यायचा नाही. आणि विषयाची ओळ कोरी सोडू नका म्हणावं, निम्मे जण सोडतात.

पैसे-हॉस्टेलसाठी एक छापील पान पुरे.