अनुभव धागा : ‘द वायर’ इतर गुन्हे-मालिकांपेक्षा सरस का वाटते?

‘द वायर’ २००२ ते २००८ या काळात एचबीओवर आली. ५ पर्वं, ६० भाग. शहर अमेरिकेतलं बाल्टिमोर. कर्ता डेव्हिड सायमन तिथल्याच ‘बाल्टिमोर सन’चा गुन्हे-वार्ताहर, जोडीदार एड बर्न्स आधी खून-विभागातला पोलीस आणि नंतर शाळेत शिक्षक.

“अभिनय भारी, पटकथा घट्ट” एवढ्यावर थांबू नका. एखादा प्रसंग घ्या आणि त्यात तपास कसा होतो ते उलगडून लिहा. कथानक उघड होणारच आहे, तेव्हा ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी जपून वाचावं.

—

पेजरपासून सुरू करू. पहिल्या पर्वात अमली पदार्थ विकणाऱ्या बार्क्सडेल टोळीची पोरं पेजरवर (फक्त आकडे दाखवणारं खिशातलं छोटं यंत्र; आलेल्या नंबरवर उलट फोन करायचा) जे आकडे पाठवतात ते कुठल्याच फोन नंबरशी जुळत नाहीत. किल्ली फोनच्या बटणांवरच आहे. खऱ्या आकड्याऐवजी मधल्या ५ वरून उडी मारून समोरचा आकडा दाबायचा. म्हणजे १ चा ९, २ चा ८, ३ चा ७, ४ चा ६ आणि याच्या उलटही तसंच. ५ आणि ० यांची अदलाबदल. बाल्टिमोरचा एरिया कोड ४१० आहे, तो पेजरवर ६९५ असा दिसेल.

याची खरी गंमत अशी की यात गणित नाही, बोटांची सवय आहे. कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोराला तोंडी शिकवता येईल आणि घाईतही चुकणार नाही, इतपतच अवघड. तपास-पथकातला पोलीस प्रेझबिलेव्स्की हा संकेत फोडतो तोही बटणांकडे बघत बसून. दुसऱ्या एखाद्या मालिकेत इथे संगणकाच्या पडद्यावर आकडे धावले असते.

—

वरच्या प्रतिसादाला पुढे नेतो. संकेत फुटला म्हणून फोन ऐकायला मिळत नाही, आणि बहुतेक मालिका नेमका हाच टप्पा गाळतात.

आधी पेजरची नक्कल, म्हणजे तेच आकडे पोलिसांनाही दाखवणारा दुसरा पेजर, मिळवायची, त्यालाही न्यायाधीशाची सही लागते. मग फोन ऐकण्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. त्यात पाळत, खबरी, वेष पालटून केलेली खरेदी हे सगळे मार्ग करून पाहिले आणि ते पुरे पडत नाहीत, हे दाखवावं लागतं. १९६८ च्या संघीय कायद्याप्रमाणे आदेश जास्तीत जास्त ३० दिवसांचा. पुढे हवा तर पुन्हा न्यायाधीशापुढे. गुन्ह्याशी संबंध नसलेलं बोलणं सुरू झालं की ऐकणं थांबवायचं.

त्यात टोळी वापरते ते रस्त्यावरचे सार्वजनिक फोन. तिथून कोणीही आईला फोन करेल. म्हणून संशयित माणूसच फोनवर आहे हे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. एक पोलीस उन्हात गच्चीवर, दुसरा तळघरात हेडफोन लावून. गच्चीवरच्याची नजर हटली तर तो कॉल पुराव्यातून गेला. या एका अटीमुळे साधी पाळतही श्वास रोखून पाहिली जाते. बंदूक न काढता इतका ताण निर्माण करणारी दुसरी मालिका मला माहीत नाही.

—

तिसऱ्या पर्वात टोळी शहाणी होते. वापरून फेकायचे मोबाइल येतात. आदेश हातात पडेपर्यंत तो फोन कचऱ्यात गेलेला असतो, म्हणजे पोलिसांची गाठ कायद्याच्या वेगाशी आहे. टोळीसाठी फोन विकत आणणाऱ्या बर्नार्डला सक्त ताकीद असते की एका दुकानातून दोनच फोन घ्यायचे. तो कंटाळतो, एकाच ठिकाणी जास्त घेतो आणि तिथेच फट पडते. अगदी खरं वाटतं, कारण अशा व्यवस्था कंटाळ्यानेच फुटतात.

—

पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागातलं स्वयंपाकघर! खून-विभागातले पोलीस बंक आणि मॅकनल्टी जुन्या खुनाची जागा पुन्हा तपासतात आणि पूर्ण प्रसंगात एकाच शिवीचे निरनिराळे उच्चार सोडले तर संवाद नाही. फोटो जमिनीवर मांडायचे, टेपने अंतर मोजायचं, गोळीची दिशा शरीरातल्या जखमेशी ताडून बघायची. काचेवरून कळतं की गोळी खिडकीबाहेरून आली. मग त्या रेषेत मागे जात फ्रिजच्या दारातली गोळी आणि बाहेर गवतात पडलेली पुंगळी. प्रेक्षकाला कोणी काही समजावत नाही, तरी सगळं कळतं. ‘सीएसआय’ या दुसऱ्या गुन्हे-मालिकेत हेच काम प्रयोगशाळेतले लोक एकमेकांना बोलून दाखवतात.

—

माझ्या मते ही मालिका उंच जाते ती आकडेवारीमुळे. खून-विभागातला फळा आठवा: न सुटलेल्या खुनाचं नाव लाल, सुटलेल्याचं काळं. संपूर्ण खात्याचं वागणं त्या दोन रंगांवर ठरतं.

दुसऱ्या पर्वात बंदरावरच्या कंटेनरमध्ये १३ बायकांचे मृतदेह सापडतात. हवेची नळी ठोकून बंद केलेली आहे, म्हणजे हा अपघात नव्हे, हे मॅकनल्टी शोधतो. वरिष्ठांना ते नको असतं. १३ लाल नावं कोण घेणार? चौथ्या पर्वात तपास करणाऱ्या लेस्टर फ्रीमनला ओसाड घरांच्या दारांवरच्या फळ्या वेगळ्या तऱ्हेने ठोकलेल्या दिसतात आणि आत प्रेतं असणार हे तो ओळखतो. खून-विभागाचा सार्जंट लँड्समन घरं उघडू देत नाही, कारण वर्षअखेरीचं सुटलेल्या खुनांचं प्रमाण कोसळेल. शेवटी २२ निघतात. त्याच पर्वात शाळेत चाचणीचे गुण फुगवणं सुरू होतं. पोलिसातून शिक्षक झालेला प्रेझबिलेव्स्की ते लगेच ओळखतो, कारण जबरी चोरीची साधी चोरी करून नोंदवणं त्याने खात्यात पाहिलेलं असतं. पोलीस आणि शाळा एकाच रोगाने आजारी आहेत, हे भाषण न करता दाखवलं आहे.

—

सगळं मान्य, पण पाचवं पर्व सोडून. १० भागांत वर्तमानपत्रही आणायचं आणि मॅकनल्टीने रचलेला खोटा सीरियल किलरही, हे पेललं नाही. आधीच मेलेल्यांच्या गळ्यावर त्याने उमटवलेल्या खुणा खुनाच्या म्हणून इतके दिवस खपतात, हे ज्या मालिकेने फ्रिजच्या दारातली गोळी शोधायला शिकवलं तिच्यात पटत नाही.

—

नव्याने पाहणाऱ्यांसाठी थोडं. इंग्रजी सबटायटल्स लावाच. रस्त्यावरची बोली आणि पोलिसी बोली दोन्ही कानाला नवीन असतात. पहिले चार भाग सलग बघा, मधे सोडलंत तर नावं निसटतात. पार्श्वसंगीताची वाट पाहू नका. गाणं येतं ते गाडीतून, रेडिओवरून, आणि अपवाद म्हणजे मुख्यतः पर्वाच्या शेवटी. मूळ चित्रचौकट ४:३ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) आहे, रुंद आवृत्ती २०१४ ची. दोन्ही मिळत असतील तर ४:३ घ्या. त्या अरुंद चौकटीत माणसं एकमेकांना खेटून उभी राहतात, तळघरातला तो कोंदटपणा रुंद पडद्यावर पातळ होतो.