पोटाच्या ऑपरेशननंतर घोडीला काय घालायचं, हे विचारायचं कोणाला?

नीराकाठ
आमच्या मारवाडी घोडीचं पोटशुळाचं ऑपरेशन झालं. मोठं आतडं जागचं सरकून त्यात वायू कोंडला होता. सर्जनसाहेबांनी ते जागेवर आणलं, काही कापावं लागलं नाही. आता ती घरी आहे, टाके कोरडे आहेत, लीद बरी पडते. घोळ आहे तो खाण्याचा. दवाखान्यातून निघताना एका कंपनीच्या खास खुराकाचं पोतं बिलात लावून दिलं. दुसऱ्या कंपनीच्या आहारतज्ज्ञांनी फोनवर आपुलकीने सगळं विचारलं आणि शेवटी त्यांच्याच पेलेट्स (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) सुचवल्या. घासवाला म्हणतो, नुसता लसूणघास घाला. घोडीची निगा राखणारा मोतद्दार म्हणतो, गरम पाण्यात भिजवलेल्या कोंड्याच्या मॅशशिवाय पोट सुटत नाही.

माझं मत असं की जो पोतं विकतो, त्याचा आहाराचा सल्ला धरायचाच नाही, माणूस कितीही भला असो. साधा हिशेब करून बघा. छातीचा घेर १७२ सेंमी, अंगाची लांबी १५२ सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केलं की वजन येतं सुमारे ३८० किलो. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा म्हणजे सहा ते साडेसात किलो वाळलेलं गवत. पोटावरची चीर भरेपर्यंत घोडी ठाणावरच, फिरणं काय ते हातात धरून. काम नसलेल्या एवढ्या घोडीला दिवसाला साडेबारा मेगाकॅलरीच्या आसपास ऊर्जा लागते, आणि बऱ्या प्रतीच्या गवतातून ती निघते. मग चंदी, म्हणजे दाण्याचा किंवा पोत्यातला खुराक, हवा कशाला? गवत घाला म्हणून सांगण्यात कोणाचीच कमाई नाही, म्हणून ते कोणी आधी सांगत नाही.

तोबरा
मी अशाच एका खाद्य कंपनीत आहारतज्ज्ञ आहे, हे आधीच सांगतो. ताई, तुमचा नियम ऐकायला स्वच्छ वाटतो, पण आपल्याकडे तो चालवायचा कसा? पशुवैद्यकीच्या शिक्षणात आहाराचे तास गाय, म्हैस आणि कोंबडीवर जातात. घोड्याच्या आहाराचं काम रोज करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यातली बरीच कंपन्यांतच आहेत. आम्हाला वगळलंत की उरतो तो निःपक्षपाती, पण घोडा न ओळखणारा माणूस.

शिवाय नुसत्या गवताने ऊर्जा भागेल, बाकीचं नाही. गवत वाळलं की ई जीवनसत्त्व झपाट्याने घटतं. तांबं आणि जस्तही बहुतेक वेळा कमी पडतं. जखम भरत असताना हे दुर्लक्षून चालणार नाही.

नीराकाठ
तोबरा सर, खनिजांचं मान्य. पण त्यासाठी रोज मूठभर मिनरल मिक्स्चर पुरतं ना? मग मला दिवसाला तीन किलो पेलेट्स का सांगितल्या गेल्या? माझा आक्षेप नेमका त्या तीन किलोंवर आहे.

तापीकाठचा पागेवाला
सारंगखेड्याच्या यात्रेत आमच्या तीन पिढ्या घोडे उभे करत आल्या. तुम्ही सगळे कागद वाचताय. घोडी पहाटे लीद कशी टाकते, लीद कोरडी आहे का चिकट, दावणीत गवत किती उरलं, पाणी किती ओढलं, हे बघतो तो मोतद्दार. त्याला कोणी कमिशन देत नाही. निःपक्षपाती माणूस हवा ना, तो तुमच्या पागेतच खरारा घेऊन उभा आहे. कोंड्याचा मॅश आमच्याकडे दर आठवड्याला होतो. त्याने कुठला घोडा गेला नाही.

शिरवळ घाट
मी पशुवैद्यक आहे, पूर्वी शिकवायचो. पागेवाले दादांचं निम्मं बरोबर आहे. लिदीवरची मोतद्दाराची नजर कुठल्याही चार्टपेक्षा मोलाची, घोडी पुन्हा दुखायला लागली तर पहिलं त्यालाच कळतं. पण नजर चांगली म्हणून कोंडा चांगला ठरत नाही. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या नऊ-दहा पट असतो. रोज घातला तर हाडातलं कॅल्शियम ओढलं जातं. आणि आठवड्यातून एकदाच घातला तर तो खाण्यातला अचानक बदलच झाला. आतड्यातले चारा पचवणारे जंतू अशा बदलाने बिघडतात. ऑपरेशन झालेल्या घोडीला नवीन काहीही द्यायचं ते दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवत.

ताई, तुमच्या हिशेबात एक जागा नीट बघा. हिरव्या लसूणघासात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी. पाच किलो हिरवा घास म्हणजे कोरडा एकच किलो. लोक हिरवा तोलतात आणि पोट भरलं असं समजतात. कडब्याची जाड धाटं मात्र आत्ता नकोत, पुन्हा तुंबायचं निमित्त.

विक्रीशी संबंध नसलेला आधार हवा असेल तर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००७ साली काढलेले घोड्यांच्या पोषणाचे तक्ते आहेत. ताईंचा साडेबारा मेगाकॅलरीचा आकडा त्यांच्याशी जुळतो. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, दोन्हीकडे पत्र टाकून विचारता येतं. खुराक वाढला की पोटशूळ वाढतो हेही जुनंच आहे. व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या पागांवरच्या, १९९७ साली छापलेल्या अभ्यासात दिवसाला अडीच किलोच्या वर खुराक खाणाऱ्या घोड्यांत पोटशुळाचा धोका कित्येक पटींनी जास्त दिसला होता.

जुना जॉकी
मी ताईंशी असहमत आहे. माझ्या घोड्याचं लहान आतडं कापावं लागलं होतं. त्याला पहिले काही दिवस सलाइनवरच ठेवलं, मग हातातून दोन-दोन घास ओला चारा, तोही दर दोन-तीन तासांनी. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटातलं पुढे सरकलं नाही तर नळी घालून उपसावं लागतं. बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा गवत एके गवत म्हणून बसलो असतो तर घोडा हातचा गेला असता. एका कंपनीच्याच माणसाने भिजवलेला बीटचा चोथा आणि थोडं थोडं वाढवत तेल असा आहार बसवून दिला, त्यातला निम्मा माल त्यांचा नव्हताच. अशा माणसाचं का ऐकायचं नाही?

शिरवळ घाट
जुना जॉकी यांची केस वेगळी. लहान आतडं कापलेलं आणि मोठं आतडं नुसतं जागेवर आणलेलं, यांचा आहार एका पानावर मांडता येत नाही. म्हणून पहिला शब्द ऑपरेशन करणाऱ्याचा. आत काय दिसलं ते त्यालाच माहीत. पोतं घ्यायचं का, हा पुढचा प्रश्न.

नीराकाठ
जॉकीसाहेब, ज्याने स्वतःचा माल नसलेलं सुचवलं त्याचं मीही ऐकेन. माझा नियम कडक आहे, पण तो विकणाऱ्याने स्वतःचंच पोतं पुढे केलं तेव्हासाठी. तोबरा सर, आता थेट विचारते. एका वेळच्या खाण्यात वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आतच स्टार्च असावा असं सांगतात. माझ्या घोडीला म्हणजे ३८० ग्रॅम. ओट्ससुद्धा किलोभर घातले तर हा आकडा ओलांडतो. माझ्यासमोरच्या पोत्यावर प्रोटीन, स्निग्धांश, तंतू, ओलावा छापलंय. स्टार्च कुठेच नाही. तुमच्या पोत्यावर आहे?

तोबरा
आमच्याही नाही. प्रयोगशाळेचा अहवाल उत्पादन विभागाकडे असतो, तो मागवतो आणि आकडा इथेच लिहितो. तोवर त्या पेलेट्स सुरू करू नका. गवत आणि मिनरल मिक्स्चर चालू ठेवा. आणि सर्जनसाहेबांना विचारा की दिलेलं पोतं आहारासाठी होतं, की दवाखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक घोड्याला ते देतात.