कोरे फलक धरलेली मुलं: अशी जाहिरात करावी का?

मल्हारगंजचा
मी इंदूरमध्ये जाहिरातपटांचं लाइन प्रोडक्शन करतो. म्हणजे लोकेशन, परवानग्या, जेवणाचे डबे आणि सगळ्यांच्या शिव्या. परवा एका थंड पेयाच्या ६० सेकंदांच्या फिल्मचं शूट भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत झालं. ब्रीफ होतं, 'देशातल्या वैतागलेल्या तरुणाशी बोला.' वैताग कशाचा, ते मात्र दाखवायचं नाही. पीपीएममध्ये, म्हणजे शूटआधीच्या बैठकीत, क्लायंटने तीनदा बजावलं: भरती नको, पेपरफुटी नको, सरकारी इमारत नको, खाकी नको. उरलं काय? ५० मुलं, हातात कोरे पांढरे सनबोर्ड आणि शेवटी पॅक शॉट, म्हणजे बाटलीचं दर्शन.

मुंबईहून ज्युनियर आर्टिस्ट आणणं परवडेना, म्हणून सरकारी परीक्षांच्या कोचिंगची खरीच मुलं घेतली. दिवसाचे ८०० रुपये. ब्रेकमध्ये एकाने मार्करने फलकावर '८७-१३' लिहिलं. आर्टवाल्याने थिनर घासून पाहिलं, जाईना. शेवटी फलक उलटा धरायला लावला. पुढच्या टेकला पोराचा चेहरा असा झाला की दिग्दर्शक खूश! "एक्स्प्रेशन मस्त आहे याचं."

मला पटलं नाही, पण पैसे घेतले. बोला आता.

राजेंद्रनगरकर
पैसे घेतलेस ना, मग रडगाणं कशाला? जाहिरात माल विकायलाच असते. टाटा टीचं 'जागो रे' आठव. मत मागायला आलेल्या पुढाऱ्याची नोकरीसारखी मुलाखत घेतली होती त्यात. २००८ मध्ये जनाग्रह संस्थेला बरोबर घेऊन मतदार नोंदणीही चालवली. विकत होते चहाच की!

सराफ्यातली रात्र
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, काका. त्या पुढाऱ्याला शिक्षण काय, अनुभव काय, असे थेट प्रश्न होते. फलक कोरा नव्हता. कोरा फलक बघायचा तर पेप्सीची २०१७ ची जाहिरात बघा. मॉडेल केंडल जेनर मोर्चात शिरते, पोलिसाला कॅन देते, सगळे खूश. मोर्चा कशाचा, पत्ता नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मुलीने वडिलांना पोलीस ढकलतायत असा फोटो टाकून टोमणा मारला आणि जाहिरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीने ती मागे घेतली. ती त्यांच्या घरच्याच स्टुडिओत बनली होती, 'अहो, हे नको' म्हणणारी बाहेरची एजन्सी नव्हती. इथे तर मल्हारगंजचा हजर होता. गप्प बसला.

राजेंद्रनगरकर
लाइन प्रोड्यूसरने बोलायचं? मांडववाल्याने नवरीला स्थळाबद्दल सल्ला द्यावा तसं झालं. आणि '८७-१३' दाखवलं असतं तरी केरळातल्या पोराला काय कळणार होतं?

खोली नंबर ७
कळत नसेल त्यांच्यासाठी: २०१९ मध्ये मध्य प्रदेशात ओबीसी आरक्षण १४ वरून २७ टक्के केलं, प्रकरण कोर्टात गेलं. मग २०२२ मध्ये सूत्र निघालं, सरकारी भरतीत ८७ टक्के जागांचे निकाल लावायचे, वादातल्या १३ टक्क्यांचे रोखायचे. त्या १३ त अडकलेल्याला आपण पास की नापास हेच कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या राज्य लोकसेवा आयोगाच्या कार्यालयासमोर पोरांनी थंडीत रात्री काढल्या, त्यात ही मागणीसुद्धा होती.

पण भिया, वैताग म्हणजे मोर्चा हे कुणी ठरवलं? मोर्चा वर्षातून चार दिवस. बाकीचे दिवस आईचा फोन येतो, "लागला का रे निकाल?" आपण "नाही" म्हणतो, मग ती भाजीचे भाव सांगत बसते. ते दाखवा ६० सेकंद. केरळातल्या पोराला आकडा नाही कळणार, हा फोन कळेल. भरती नाही, खाकी नाही, इमारत नाही. क्लायंटच्या सगळ्या अटींत बसतं.

सुदामानगरच्या काकू
आमच्या वरच्या खोलीत एक मुलगा सहा वर्षं आहे. घरून लग्नाची पत्रिका आली की याचा नेमका 'टेस्ट' असतो. मी काही विचारत नाही. ८०० रुपयांत जेवण होतं का हो?

राजेंद्रनगरकर
खोली नंबर ७, लिहिलंस छान. पण आईच्या फोननंतर बाटली उघडायची कुणी? पॅक शॉट कुठे बसवणार?

खोली नंबर ७
ते तुमचं काम. त्याचे पैसे तुम्हाला मिळतात.

मल्हारगंजचा
काकू, जेवण वेगळं होतं. पुरी-भाजी, श्रीखंडसुद्धा.

पॅकअपनंतर तो '८७-१३' वाला मुलगा आला. मला वाटलं भांडणार. म्हणाला, "भाईसाब, ये बोर्ड ले जाऊँ? पीछे से कोरा है, टाइमटेबल लगाना है." मी त्याला दोन दिले.