बर्फाखालचा समुद्र न बघता कळतो कसा?

चांदणवेल:
काल रात्री दुर्बिणीतून गुरू बघितला, दुर्बीण छोटीशीच आहे पण बाजूला एका रेषेत चार ठिपके, म्हणजे गुरूचे चार चंद्र, अगदी स्वच्छ दिसले, त्यातलाच एक युरोपा. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. त्या एवढ्याशा ठिपक्यात म्हणे पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असेल! पण वर कित्येक किलोमीटर बर्फ, यान अजून उतरलेलं नाही, कोणी भोक पाडून बघितलेलं नाही. मग आत पाणीच आहे हे कशावरून? आणि इतक्या लांब ते गोठत कसं नाही? जाणकारांनी सांगा ना प्लीज.

ध्रुवमत्स्य:
गोठत नाही कारण युरोपाला सतत कणकेसारखं मळलं जातंय. साडेतीन दिवसांत तो गुरूभोवती एक फेरी मारतो, पण आयो आणि गॅनिमीड हे शेजारचे चंद्र त्याला ओढत राहतात त्यामुळे कक्षा पूर्ण गोल होतच नाही, कधी गुरूच्या जवळ कधी लांब, आणि दर फेरीत अख्खा चंद्र थोडा ताणला जातो नि सैल पडतो. तार हातात धरून पुढे-मागे वाकवत राहा, वाकते तिथे बोटाला गरम लागते, तसंच.

पाण्याचा पुरावा मात्र मला त्याहून भारी वाटतो. गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाला साधारण १० अंशांनी कललेलं आहे, म्हणून गुरू फिरला की युरोपाजवळच्या क्षेत्राची दिशा दर साडेपाच तासांनी उलटते. आता अशा बदलत्या क्षेत्रात वीज वाहून नेणारी वस्तू ठेवली की तिच्यात प्रवाह सुरू होतो आणि ती स्वतःचं उलट क्षेत्र तयार करते. गुरूभोवती फिरणाऱ्या गॅलिलिओ यानाला युरोपाभोवती नेमकं असंच क्षेत्र सापडलं, आणि जानेवारी २००० मध्ये यान मुद्दाम गुरूच्या क्षेत्राची दिशा उलटलेली असताना जवळून गेलं तर युरोपाचं क्षेत्रही उलटलेलं! कायमचा चुंबक असा उलटत नाही. बर्फातून वीज जवळजवळ वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून छान वाहते.

कडेलोट:
एन्सेलॅडसला विसरू नका हो! शनीचा जेमतेम ५०० किमीचा चंद्र, पण तिथे पाणी स्वतःहून बाहेर येतं. २००५ मध्ये कॅसिनी यानाला दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून फवारे उडताना सापडले, नंतर यान त्यातून आरपार गेलं, कणांत मीठ मिळालं, पुढे हायड्रोजन आणि २०२३ मध्ये जुन्या मोजमापांतून फॉस्फेटही.

पाणी फक्त ध्रुवाखाली आहे की सगळीकडे, हे ठरलं डोलण्यावरून. फ्रीजरमधली बाटली बाहेर काढून थोडा वेळ ठेवा, कडेचा बर्फ वितळला की झटकन गोल फिरवून बघा, बाटली फिरते पण आतला गोळा मागे राहतो. एन्सेलॅडसचं बर्फाचं कवच असंच अपेक्षेपेक्षा जास्त डोलतं, गाभ्याला घट्ट चिकटलेलं असतं तर एवढं डोललं नसतं. म्हणून २०१५ मध्ये समुद्र चहूबाजूंनी आहे हे कळलं. २०१७ ला कॅसिनी शनीत बुडवलं तेही या चंद्रांवर आपले जंतू चुकून जायला नकोत म्हणून, मला ते फार मोठं वाटतं.

रेवती_नक्षत्र:
फक्त एक. दूरच्या ताऱ्यांच्या ग्रहांबद्दल बातमी आली की जरा थांबा. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी वर २०१९ मध्ये वाफ सापडली म्हणून केवढा गाजावाजा झाला, पण २०२३ मध्ये वेब या अंतराळ दुर्बिणीने बघितलं तर प्रकाशातला तो ठसा मिथेनचा निघाला. आणि वाफ असती तरी वाफ म्हणजे समुद्र नव्हे.

चांदणवेल:
बाटलीचा प्रयोग आत्ताच केला, खरंच गोळा मागे राहतो!! मग युरोपाकडे आता कोण जातंय?

ध्रुवमत्स्य:
नासाचं युरोपा क्लिपर यान, ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, एप्रिल २०३० ला गुरूपाशी पोचेल. युरोपाजवळून ४९ फेऱ्या, सोबत बर्फाच्या आत बघणारं रडार आणि हेच चुंबकीय मोजमाप पण कितीतरी बारकाईने.

चांदणवेल:
आणि त्या चार ठिपक्यांतला युरोपा कोणता हे कसं ओळखायचं?

कडेलोट:
स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये तुमची वेळ टाका आणि गुरूवर झूम करा, चारही नावांसकट दिसतील. फक्त बऱ्याच दुर्बिणींत चित्र उलटं दिसतं ते लक्षात ठेवा.