रात्री जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) बाईक चालवताना समोरचं दिसत नाही. एलईडी टाकू का?

नमस्कार मंडळी,

अंधेरीच्या सीप्झमधली माझी दुसरी पाळी रात्री साडेबाराला सुटते. कंपनीची गाडी महिन्याभरापासून बंद झाली, त्यामुळे सव्वाशे सीसीची बाईक घेऊन मुलुंडला जातो. जेव्हीएलआर, कांजूर, मग ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे. दिवसा काहीच वाटत नाही (दिवसा गाडी चालते कुठे, रांगते), पण रात्री तंतरते.

मेट्रो ६ च्या कामाचे पत्रे आहेत तिथवर समोरचा लाईट निदान अडतो. पत्रे संपले आणि पलीकडून डंपर अप्पर (हेडलाईटचा लांबचा झोत) मारत आला की दोन सेकंद नुसतं पांढरं. परवा पवईच्या पुढे रस्त्यावर टाकलेली लोखंडी प्लेट पुढचं चाक चढल्यावर कळली. पाऊस नुकताच पडून गेलेला. हॅण्डल असं डुगडुगलं की मागे बसलेला सहकारी कांजूरला उतरताना म्हणाला, "उद्यापासून रिक्षा बघतो रे." रोज त्याला सोडतो मी.

मेकॅनिक म्हणतो शंभर वॅटचा बल्ब नाहीतर पांढरा एलईडी टाक. बायको म्हणते पाळी बदल. साहेब म्हणतात दिवाळीनंतर बघू. तो पिवळा 'नाईट चष्मा' मिळतो, त्याचा उपयोग होतो का?

— मुलुंडचा निशाचर

---

निशाचरराव, पैसे घालवायच्या आधी हेल्मेटची काच काढा आणि ट्यूबलाईटसमोर धरा. बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं तर निम्मं दुखणं तिथेच आहे, कारण समोरचा लाईट प्रत्येक ओरखड्यावर फुटतो. काच कोरड्या रुमालाने पुसता ना? धूळ घासली जाते. काळी काच असेल तर रात्री मुळीच नको. पिवळ्या चष्म्याने डोळ्यात येणारा उजेडच कमी होतो, सोडून द्या.

सव्वाशेच्या पुष्कळ गाड्यांत ३५ वॅटचा बल्ब असतो. तिथे शंभरचा घातलात तर होल्डर वितळेल. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला की उजेड वाट्टेल तिकडे सांडतो. तुम्हाला त्या डंपरने जे केलं ते तुम्ही दुसऱ्याला कराल.

खरी शंका वेगळीच आहे. मागे माणूस बसला की गाडीची शेपटी दबते आणि लाईट वर जातो. मित्राला बसवून, स्वतः सीटवर बसून, भिंतीपासून पाच मीटरवर डिपर (हेडलाईटचा जवळचा, खालचा झोत) लावून बघा. उजेडाची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा थोडी खाली हवी.

— जुना बुलेटवाला

---

प्लेटबद्दल माझे दोन पैसे, मी घाटकोपरला पहाटेची पेपरची लाईन टाकतो. प्लेट ओली असेल तर तिच्यावर ब्रेक नाही, वळण नाही, गाडी उभी धरून सरळ जायचं. स्लो करायचं ते आधीच. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे डोळे दिपले त्या दोन सेकंदांत तुम्ही तेहेतीस मीटर आंधळे गेलात. पंचेचाळीसला राहा, डंपर आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर.

— पेपरवाले काका

---

काका, बुलेटवाले, दोघांचेही आभार. काल सोसायटीच्या कंपाऊंडच्या भिंतीसमोर गाडी लावली. एकटा बसलो तर लाईट बरोबर. मग वॉचमनला मागे बसवलं (तो आधी घाबरला) आणि उजेड भिंत ओलांडून आंब्यात! मागचा शॉकॲब्सॉर्बर दोन खाचा कडक करून घेतला, लाईट जागेवर आला. काचेवर तर अक्षरशः कोळ्याचं जाळं होतं, नवीन साधी पारदर्शक बसवली.

डंपर येतोच, पण आता त्याच्या बाजूचा रस्ताही दिसतो. मित्र अजून रिक्षानेच जातोय, म्हणून एकट्यासाठी खाचा सध्या परत सैल केल्यात. तो परत बसायला लागला की पुन्हा कडक करेन.

— मुलुंडचा निशाचर